तार कुठून येते, हे कुणाला ठाऊक आहे?

गेल्या महिन्यात एका रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगच्या मीटर रूममधून धूर यायला लागला. वॉचमनने सगळ्यांच्या बेल वाजवल्या. पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग जिन्यात. "काका, तुम्ही इलेक्ट्रिकवाले ना, बघा जरा," म्हणून मला पुढे केलं. टॉर्च घेऊन गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. जिन्यातले दिवे गेले, पाण्याच्या पंपाचा दिवा विझला. पण लिफ्टच्या दारावरचा लाल आकडा तसाच पेटलेला.

म्हणजे लिफ्टला वीज दुसरीकडून कुठून तरी येत होती. कुठून? सेक्रेटरींना माहीत नाही. चेअरमनना माहीत नाही. ज्याने मूळ वायरिंग केलं तो काँट्रॅक्टर कधीच वारला. त्यानंतर लिफ्ट बदलली, पंप बदलला, सीसीटीव्ही आले, दुकानदारांनी एसी बसवले, आणि प्रत्येकाने आपापला वायरमन आणून आपापली तार ओढून घेतली. शेवटी वीज कंपनीचा माणूस आला, त्याने बाहेरूनच सगळा पुरवठा तोडला. कुणाला काही झालं नाही. दोन मीटर आणि हातभर केबल जळाली. सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज: "शॉर्टसर्किट झाले होते. आता सर्व सुरळीत आहे." पुढे हात जोडल्याचं चित्र.

मला मात्र झोप लागली नाही. तो लाल आकडा डोळ्यांसमोरून हलेना. कारण मेन बंद केल्यावरही जिवंत राहिलेली एक तार मी आयुष्यात आधी एकदा पाहिली होती. ती मीच जोडलेली होती. ही गोष्ट मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही. आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

मी १९७१ साली मुंबईतल्या एका गोदीत इलेक्ट्रिकल फिटरचा अप्रेंटिस म्हणून लागलो. कुठली गोदी, कुठलं जहाज हे मुद्दाम सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात दोष माझा आहे, तो कुणा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा नाही. एवढंच सांगतो की जहाज ब्रिटिश बनावटीचं होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, आणि आमच्या हातात आलं तेव्हा चांगलं म्हातारं झालं होतं.

पहिल्या दिवशी शिडीने तीन डेक खाली उतरलो आणि वर पाहिलं. छत दिसेचना. नुसत्या केबल. मनगटाएवढ्या जाड, बोटाएवढ्या, पेन्सिलीएवढ्या, शेजारी शेजारी, एकावर एक, आणि सगळ्यांवर रंगाचे इतके थर की कुठली कुठे संपते कळू नये. मी आ वासून बघत राहिलो. आमचे मिस्त्री शेजारी उभे होते. नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे, सगळ्या सेक्शनचे ते मिस्त्रीच. म्हणाले, "बघून घे. यातल्या निम्म्या मेलेल्या आहेत. पण कुठल्या निम्म्या, ते विचारू नकोस."

मला तेव्हा ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती, ते जुन्या युद्धनौकेचं अगदी बरोबर वर्णन होतं. का, ते जरा समजावून सांगतो.

घरात एका दिव्याला एक तार येते. ती तुटली तर दिवा जातो, आपण मेणबत्ती लावतो. युद्धनौकेवर हे चालत नाही. जहाजाला भोक पडलं, एक भाग पाण्याने भरला, तरी पंप चालला पाहिजे, सुकाणू फिरलं पाहिजे, तोफेला वीज मिळाली पाहिजे. म्हणून त्या काळच्या ब्रिटिश जहाजांवर २२० व्होल्ट डीसीची एक मोठी कडी, रिंग मेन, जहाजभर फिरवलेली असे. वेगवेगळ्या ठिकाणचे जनरेटर त्या कडीत वीज सोडायचे. मध्ये मध्ये ब्रेकर. कडीचा एक तुकडा जखमी झाला तर दोन्ही बाजूंचे ब्रेकर उघडून तेवढाच वेगळा काढायचा, बाकीची कडी चालू. शिवाय महत्त्वाच्या यंत्राला दोन तारा, एक डावीकडून, एक उजवीकडून. एक गेली की चेंज-ओव्हर स्विच फिरवून दुसरीवर घ्यायचं. त्याही पलीकडे भिंतींवर टर्मिनल बसवलेली असत. सगळंच गेलं तर वेटोळी करून ठेवलेल्या जाड केबल काढायच्या आणि खोलीमागून खोली जोडत वीज न्यायची.

ही सगळी काळजी फुकट आलेली नाही, माणसं आणि जहाजं गमावून आली आहे. ब्रिटिशांची आर्क रॉयल ही विमानवाहू नौका नोव्हेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरजवळ एका टॉर्पेडोने बुडाली. एकाच. लगेच बुडालीही नाही, बरेच तास तरंगत होती. पण तिचे सगळे जनरेटर वाफेवर चालणारे. बॉयलर बंद पडले, वाफ गेली, वीज गेली, पंप थांबले. वाफेशिवाय चालणारा एकही डिझेल जनरेटर तिच्यावर नव्हता. एक खलाशी गेला, बाकीच्यांना उतरवता आलं, आणि एवढं मोठं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला गेलं. दुसऱ्याच वर्षी नोव्हेंबरात ग्वादलकॅनालच्या रात्रीच्या लढाईत अमेरिकेच्या साउथ डकोटा या युद्धनौकेची वीज ऐन वेळी गेली, रडार आंधळं झालं. ब्रेकर सारखा पडू नये म्हणून तो बांधून ठेवला होता, त्यामुळे एका जागचा बिघाड सगळीकडे पसरला, असं त्या लढाईबद्दल सांगतात. घरात फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालतात, तोच प्रकार. ही साउथ डकोटा लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

आणखी एक गोष्ट. जहाजाचं अंग लोखंडाचं. घरात आपण अर्थिंग करतो. त्या जहाजांवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही तारा लोखंडापासून अलग ठेवायच्या. म्हणजे एका तारेचं आवरण कुठे फाटून ती लोखंडाला टेकली तरी यंत्र बंद पडत नाही. लढाईत हे फार कामाचं. पण मग तार टेकली आहे हे कळणार कसं? त्यासाठी स्विचबोर्डवर दोन दिवे, मधला जोड जहाजाच्या अंगाला. दोन्ही सारखे मंद असले की ठीक. एक विझत चालला आणि दुसरा भडकला, की विझणाऱ्या बाजूची तार जहाजात कुठेतरी लोखंडाला लागली आहे. कुठे? ते शोधायचं. एकेक लाइन उघडायची, दिवे बघायचे, मेगर लावायचा. दमट हवेत, पावसाळ्यात, त्या शोधात आठवडा जायचा.

आता यात जहाजाचं वय घाला. मूळच्या केबल रबराच्या, वरून शिशाचं वेष्टन. वर्षानुवर्षं बॉयलरच्या उष्णतेत ते रबर पापडासारखं कडक होतं. हात लावला नाही तोवर ठीक, वाकवलं की तडकतं. दर रिफिटला नवीन यंत्र येणार, रडार, वायरलेस, एअर कंडिशनिंग. नवीन यंत्र म्हणजे नवीन केबल. जुनी काढायची तर तिच्या शेजारच्या दहा तडकणार. शिवाय प्रत्येक भिंतीतून, गोदीच्या भाषेत बल्कहेडमधून, केबल जाते तिथे ग्लँड असतं, पाणी पलीकडे जाऊ नये म्हणून घट्ट आवळलेलं. केबल काढली की भोक उरलं, ते बुजवा, त्याची चाचणी करा. कोण करणार? मग जुन्या केबलचं टोक कापायचं, टेप गुंडाळायची, आणि तिला तिथेच ठेवून वरून नवीन ओढायची. पुढच्या रिफिटला रंगारी येऊन जिवंत आणि मेलेल्या दोघींना एकच रंग फासून जाणार.

नियम असा होता की जो बदल केला तो 'ॲज फिटेड' ड्रॉइंगवर चढवायचा. म्हणजे जहाज जसं प्रत्यक्षात आहे तसं कागदावर. काही बदल चढायचे, काही राहून जायचे. म्हणून ड्रॉइंग एक सांगायचं आणि जहाज दुसरं. खरं ड्रॉइंग मिस्त्रींच्या डोक्यात होतं. केबलवर हात ठेवून ते सांगायचे, "ही पुढच्या पंपाची, हिला सोड. ती मेलेली." मिस्त्री रजेवर असले की काम थांबायचं. आम्हाला त्याचं कौतुक वाटे. त्यात धोका आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही.

आता माझं.

१९७५चा ऑगस्ट. खालच्या डेकवर एक एक्झॉस्ट पंखा होता. त्याचं मुख्य फ्यूज पॅनेल दुरुस्तीला काढलं होतं आणि पंखा बंद असल्यामुळे खाली वेल्डिंग करणारे धुराने हैराण. मला सांगितलं, काहीतरी करून पंखा चालू करून दे. शेजारच्या लायटिंगच्या बॉक्समधून मी एक कामचलाऊ लाइन काढली आणि पंख्याच्या स्टार्टरला दिली. पंखा सुरू होताना झटका घ्यायचा, दिव्याचा फ्यूज उडायचा. दोनदा उडाला, तिसऱ्यांदा मी त्यात जाड तार घातली. पंखा फिरला. वेल्डर खूश. "पॅनेल परत आलं की काढून टाकीन," असं मी स्वतःशी म्हटलं. कुठे लिहिलं नाही, टॅग लावला नाही.

मग गणपती आले. आम्ही कोकणातले, गणपतीला गाव चुकवणं शक्यच नव्हतं. रजा टाकली, एसटीच्या रांगेत उभा राहिलो आणि पंधरा दिवस गावी. परत आलो तेव्हा पॅनेल बसलं होतं, बॉक्सचं झाकण लागलं होतं, वरून रंगही मारून झाला होता. आता पंख्याला दोन ठिकाणांहून वीज होती, एक ड्रॉइंगप्रमाणे आणि एक माझी. दोन्ही एकाच कडीवरून येणाऱ्या, त्यामुळे पंखा छान चालत होता. मला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं. पण झाकण खोला, रंग खरवडा, चार्जमनला सांगा की मी असं असं केलं होतं. म्हटलं, चालतंय ना.

दीड वर्षाने, १९७७च्या मार्चमध्ये, त्याच पंख्याचा स्टार्टर उघडायचं काम निघालं. ज्याच्याकडे काम आलं तो ठेकेदाराकडचा हेल्पर होता, साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा. तालमीत घुमलेलं अंग, म्हणून आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. त्याने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. पंखा बंद केला, ड्रॉइंग पाहिलं, त्यात दाखवलेला फ्यूज काढला. दुसऱ्या कुणी तो परत लावू नये म्हणून खिशात घातला. एकच गोष्ट राहिली. टेस्ट लॅम्प लावून पाहिला नाही. सेक्शनला लॅम्प एक, तो त्या वेळी दुसऱ्या डेकवर. फ्यूज आपल्या खिशात आहे म्हटल्यावर कोण थांबणार? त्याने पान्हा घातला.

डीसीचा आर्क लवकर विझत नाही. एसीची वीज दर क्षणी शून्यावर येऊन जाते, तिथे आर्कला मरायला संधी मिळते. डीसीमध्ये ती नाही. आणि जो फ्यूज उडून त्याला वाचवू शकला असता, त्यात माझी जाड तार होती. तीच साउथ डकोटाची गोष्ट. पैलवान शिडीवरून खाली पडला. जिवाला धोका झाला नाही. उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली.

चौकशी झाली. कागदावर आलं, "कामगाराने पुरवठा बंद असल्याची खात्री न करता काम केले." हे खरंच होतं, म्हणून कुणी पुढे खोदलं नाही. ठेकेदाराने त्याला परत घेतलं नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी लायटिंगच्या बॉक्सचं झाकण उघडलं. मी शेजारी उभा होतो. जोडावरची टेप त्यांनी टॉर्चच्या उजेडात पाहिली. प्रत्येक फिटरचा टेप गुंडाळायचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. मी टेप नेहमी उलट्या बाजूने गुंडाळायचो, ते मला त्यावरून चिडवायचे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुझं बांधणं आहे." मी मान खाली घातली. त्यांनी स्वतःच्या हाताने तो जोड काढला आणि तुकडे खिशात घातले. मला वाचवलं म्हणा, किंवा मला आयुष्यभराची शिक्षा दिली म्हणा. दुसऱ्या दिवशी एक लाल कापडी बांधणीची वही हातात ठेवली. "उद्यापासून जी तार लावशील ती यात लिही. जी काढशील ती लिही. जी काढायची राहील ती सगळ्यात आधी लिही."

निवृत्त होईपर्यंत, २०१२पर्यंत, मी त्या वह्या लिहीत होतो. अकरा झाल्या.

१९७९ साली मी पैलवानाच्या गावी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो, आज सांगायचं. त्याने पिठाची गिरणी टाकली होती. मला बघून त्याला इतका आनंद झाला की जेवल्याशिवाय सोडेना. गिरणीची मोटर दाखवली, स्टार्टर दाखवला. स्टार्टरच्या वर भिंतीवर खडूने लिहिलं होतं: "मेन बंद. मग दिवा लावून बघ." मला म्हणाला, "चूक माझीच झाली, दिवा लावून बघायला पाहिजे होता." मी त्याच्या घरचं पिठलं-भाकरी खाल्ली आणि काही न बोलता संध्याकाळच्या एसटीने परत आलो. त्याहून वाईट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

आता हे सगळं आत्ताच का सांगतोय, ते सांगतो.

आपली जुनी विक्रांत तुम्हाला आठवत असेल. मी तिच्यावर कधी काम केलं नाही, पण ती संग्रहालय झाल्यावर घरच्यांना घेऊन बघायला गेलो होतो. लोक विमानं बघत होते, मी छताकडे बघत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, वर काय आहे?" वर तिचा इतिहास होता. तिची बांधणी १९४३ साली इंग्लंडमध्ये टाइन नदीवर सुरू झाली, १९४५ला ती पाण्यात उतरली, युद्ध संपलं म्हणून काम अर्धवट सोडलं. १९५७ला भारताने तो सांगाडा विकत घेतला, बेलफास्टला तो पुरा झाला आणि १९६१च्या मार्चमध्ये ती नौदलात आली. मग १९७१चं युद्ध. पुढे ऐंशीच्या दशकात सी हॅरिअर विमानांसाठी मोठे बदल. प्रत्येक काळाची यंत्रं वेगळी, प्रत्येक काळाच्या केबल वेगळ्या, एकीवर एक. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत, तसं त्या छताकडे बघून तिचं वय मोजता आलं असतं.

१९९७ला ती निवृत्त झाली. २०१२ला संग्रहालय सुरक्षेच्या कारणावरून बंद झालं. २०१४ला लिलाव झाला, साठ कोटींना गेली. कोर्टात याचिका झाल्या, टिकल्या नाहीत. दारूखान्यात तिला तोडलं. तिच्या लोखंडाची मोटारसायकल निघाली, लायन गेटजवळ तिचं एक शिल्प उभं राहिलं. तेव्हा आपण सगळे हळहळलो. मीही हळहळलो. पण त्या सगळ्या चर्चेत लोखंडाबद्दल जितकं बोललं गेलं, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही मी एक गोष्ट ऐकली नाही: ज्यांनी तिच्या तारा सांभाळल्या, तिची दुखणी ज्यांच्या बोटांना ठाऊक होती, ती माणसं कुठे आहेत, त्यांच्याकडून कुणी काही लिहून घेतलं का? भंगाराच्या बाजारात केबलला भाव असतो तो तांब्याचा. ती कुठून कुठे जात होती, याला भाव नसतो.

कुणी म्हणेल, तुटलेल्या जहाजाच्या तारांचं आता काय करायचं? बरोबर आहे. माझ्या अकरा वह्यांचंही काही करायचं नाही. त्यातली बहुतेक जहाजं आज अस्तित्वात नाहीत. पण सवयीचं करायचं आहे. २०२२ला नवी विक्रांत आली, तिच्यात अडीच हजार किलोमीटरच्या आसपास केबल आहे असं बातम्यांत वाचलं. तिची ड्रॉइंग संगणकावर असणार, छानच. पण संगणकालासुद्धा तेवढंच माहीत असतं, जेवढं कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं. गणपतीच्या आदल्या दिवशी घाईत ओढलेली कामचलाऊ लाइन संगणकाला दिसत नाही.

आणि जहाजावर निदान नियम तरी होता. मी तो मोडला, पण मोडायला तो होता. जमिनीवर काय आहे?

मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २१ जून २०१२ला, मंत्रालयाला आग लागली. राज्य जिथून चालतं त्या इमारतीचे वरचे मजले जळाले, पाच माणसं गेली. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात अकरा रुग्ण गेले. प्रत्येक वेळी सगळ्यात आधी एकच शब्द कानावर आला. शॉर्टसर्किट. जणू काही ती वीज कोसळावी तशी दैवी घटना आहे.

एक गोदीतला फिटर म्हणून सांगतो. शॉर्टसर्किट हे कारण नसतं, तो शेवट असतो. सुरुवात कित्येक वर्षं आधी झालेली असते. पंखे आणि दिव्यांसाठी बांधलेल्या वॉर्डात एसी येतात. मग मॉनिटर, मग वॉर्मर, मग व्हेंटिलेटर. प्रत्येक यंत्राबरोबर एक तार येते, मूळ केबल मात्र तीच. फ्यूज उडायला लागतो, कुणीतरी जाड तार घालतो. कामचलाऊ लाइन कायमची होते. वरून रंग लागतो, फॉल्स सीलिंग लागतं. ज्या वायरमनला सगळं माहीत असतं तो निवृत्त होतो, त्याच्या जागी ठेकेदाराचा मुलगा येतो आणि दर वर्षी ठेकेदारही बदलतो. मग एका रात्री धूर येतो. चौकशीत शेवटचा हात ज्याचा होता तो सापडतो. माझ्यासारखे, ज्यांनी दीड वर्षापूर्वी झाकण बंद केलं होतं, ते सापडत नाहीत.

मागणी मोठी नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयात, शाळेत, कार्यालयात मेन पॅनेलशेजारी एक वही साखळीने बांधून ठेवा. कुठली तार कुठून कुठे जाते, कुणी लावली, कधी लावली, कुठली काढायची राहिली आहे. खाली सही. फायर ऑडिट करणाऱ्याने सिलिंडरची तारीख बघण्याआधी ती वही बघावी. वहीत जे आहे आणि भिंतीत जे आहे ते जुळत नसेल, तर ऑडिट नापास. जुना वायरमन निवृत्त होण्याआधी सहा महिने नवीन माणूस त्याच्याबरोबर फिरला पाहिजे. यासाठी शेकडो कोटी लागत नाहीत. वहीला शंभर रुपये लागतात, आणि आपण काय केलं ते लिहून ठेवायची लाज सोडावी लागते.

आमच्या बिल्डिंगमध्ये मी सुरुवात केली आहे. लिफ्टची ती दुसरी तार चार दिवसांनी सापडली. तळमजल्यावरच्या दुकानाच्या मीटरमधून येत होती. लिफ्ट बदलताना कुणीतरी 'तात्पुरती' जोडलेली. टेप सरळ बाजूने गुंडाळलेली होती, म्हणजे निदान या वेळी तो मी नव्हतो.

पैलवान जाऊन आता अकरा वर्षं झाली. परवा त्याच्या मुलाचा नंबर शोधून मी त्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मी म्हटलं, "शिव्या घाल रे, मी ऐकून घेईन." तो म्हणाला, "काका, बाबा शेवटपर्यंत आम्हाला सांगायचे की माझ्या निष्काळजीपणाने बोटं गेली, तुम्ही तसं वागू नका. कागदावर लिहिलं होतं ना तसं. तो कागद आता बदलता येईल का?"

मी त्याला खरं ते सांगितलं. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा कागद, तो आता बदलणार नाही.

म्हणून हे इथे लिहितोय. त्याने फ्यूज बरोबर काढला होता. ड्रॉइंग चुकीचं होतं. ते मी चुकवलं होतं.

पोस्ट शेअर केलीत तर बरं वाटेल. पण त्याआधी एक करा. आज घरी गेल्यावर मीटर रूमचं दार उघडा आणि तुमच्या सेक्रेटरींना विचारा, "मेन बंद केल्यावर काय काय चालू राहतं?" उत्तर आलं नाही, तर एक वही आणा.